विहिरीवरची सुगरण आणि पहिला माहितीपट : नवोदितांसाठी मार्गदर्शन

निसर्गावर माहितीपट करायचा असे ठरवलेल्या बहुतेक नवोदितांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा वाघ येतो. ताडोब्याची सफारी आरक्षित होते, मोठी लेन्स भाड्याने आणली जाते आणि चार फेऱ्यांनंतर हाती लागते ती रस्ता ओलांडणाऱ्या वाघाची १५ सेकंदांची पाठ, तीही पुढच्या जिप्सीतल्या पर्यटकांच्या खांद्यांवरून टिपलेली. त्या १५ सेकंदांचा माहितीपट होत नाही, कारण त्या वाघाने काल काय केले आणि उद्या तो काय करणार आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि ते कळेपर्यंत तिथे थांबण्याची मुभाही नसते. माहितीपटासाठी सर्वांत आधी असा प्राणी लागतो, ज्याच्याकडे उद्या, परवा आणि पुढच्या आठवड्यातही जाता येईल. म्हणून पहिला विषय घरापासून सायकलने गाठता येईल इतक्या अंतरावर शोधावा, असे मी प्रत्येक नवोदिताला आग्रहाने सांगतो.

या लेखात मी सुगरण पक्ष्याचे उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे. सुगरण जंगलात शोधावी लागत नाही. शेतातल्या विहिरीवर झुकलेली बाभूळ, ओढ्याकाठची शिंदी किंवा कोकणात नारळ हे तिचे ठरलेले पत्ते आहेत. तिचे सारे नाट्य जून ते सप्टेंबर या एका पावसाळ्यात उघड्यावर घडते, त्याला स्वतःचा आरंभ, मध्य आणि शेवट असतो आणि महत्त्वाची प्रत्येक क्रिया ती शेकडो वेळा करते. एखादा क्षण आज हुकला तर तो उद्या पुन्हा मिळतो, ही शिकणाऱ्यासाठी फार मोठी सवलत आहे. शिवाय या पक्ष्याचे बरेचसे गुपित आपल्याच मातीत उलगडले आहे. जर्मनीतून परतल्यावर नोकरी नसलेल्या काळात, १९३० च्या सुमारास, डॉ. सलीम अली अलिबागजवळच्या किहीमला राहत होते आणि तिथल्या सुगरणींच्या वसाहतीचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. खोपा नर विणतो, मादी तो तपासून पसंत करते, आणि ती आत अंड्यांवर बसली की तोच नर दुसरा खोपा विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हा क्रम त्यांनी तिथे उलगडून दाखवला. नाव स्त्रीलिंगी असल्यामुळे आपल्याकडे विणकामाचे सारे श्रेय मनोमन मादीला दिले जाते. प्रेक्षकाची ही समजूत डोळ्यांदेखत बदलते, तेव्हा तो खुर्चीत सावरून बसतो.

कॅमेऱ्याआधी वही

मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस पडण्यापूर्वी, पहिली पाहणी करावी. गेल्या वर्षीचे वाळून तपकिरी झालेले खोपे अजून फांद्यांना लोंबत असतात आणि तेच वसाहतीचा पत्ता सांगतात. सुगरणी अनेकदा त्याच झाडावर परततात, तरीही दोन-तीन झाडे हेरून ठेवावीत, कारण एखाद्या वर्षी त्या का फिरकल्या नाहीत याचे उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. झाडापाशी उभे राहून दिशा पाहावी. खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेकडच्या बाजूला असतात. नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्याचा मारा तिथे कमी लागतो, असे त्याचे कारण मानले जाते. चित्रण करणाऱ्याला याचा थेट फायदा आहे. आपण झाडाच्या पूर्वेला थांबलो की सकाळचे ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्याच्या अंगावर पडते.

पहिल्या पावसानंतर नरांची डोकी आणि छाती पिवळी होऊ लागते आणि चेहऱ्यावर गडद तपकिरी पट्टा चढतो. त्याआधी नर आणि मादी दोघेही चिमणीच्या मादीसारखे दिसतात. हा बदल दिसू लागला की किमान दहा दिवस फक्त वही आणि दुर्बीण घेऊन जावे. वहीच्या पहिल्या पानावर झाडाचे रेखाचित्र काढावे आणि प्रत्येक खोप्याला क्रमांक द्यावा. पुढच्या तीन महिन्यांत या एका चित्राचा जितका उपयोग होतो, तितका महागड्या लेन्सचाही होत नाही. माझ्या वहीतली एक नोंद नमुन्यादाखल देतो : ‘२ जुलै, सकाळी ७.१०, ढगाळ, वारा नाही. खोपा ४ : कडी पूर्ण, नर कडीत बसून विणतो आहे. खोपा ७ : अर्धा झालेला, मादी दोनदा आत शिरून गेली. खोपा ९ : कालचा, आज खाली पडलेला.’ अशा तीन ओळी रोज लिहिल्या की दहाव्या दिवशी कोणत्या खोप्यावर नजर ठेवायची हे आपोआप कळते.

विणकामाचे टप्पे ओळखता आले पाहिजेत, कारण चित्रणाचे सगळे नियोजन त्यांवर उभे असते. नर आधी फांदीच्या टोकाला पातींची गाठ बांधतो, मग तिच्यापासून खाली लोंबणारी उभी कडी तयार करतो आणि त्या कडीत बसून चोच पोहोचेल तिथवर दोन्ही बाजूंना विणत जातो. खोपा उपड्या टोपीसारखा दिसू लागला की नर थांबतो. हाच कथेचा कळीचा टप्पा आहे, कारण माद्या पाहणीला येतात तेव्हा खोपा अर्धाच असतो. मादी आली की वसाहतीतले सारे नर आपापल्या खोप्याला लटकून पंख फडफडवू लागतात आणि एकच गलका होतो. मादीने पसंती दिली तर नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पूर्ण करतो. नाही दिली तर तो खोपा तसाच राहतो. पुढे साधारण दोन ते चार अंडी, दोन आठवड्यांहून थोडे अधिक उबवण आणि जवळपास तितकेच दिवस पिलांचे संगोपन, असा क्रम असतो.

परवानगी

विहीर कोणाची आहे ते विचारून मालकाची प्रत्यक्ष भेट घ्यावी, किती दिवस आणि कोणत्या वेळी येणार हे सांगावे आणि शेतात कुठून चालावे हे त्यांनाच विचारावे. पेरणी झालेल्या रानातून कॅमेरा घेऊन आडवे जाणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोणी बोलावत नाही. विजेची वेळही याच भेटीत विचारून घ्यावी. शेतीची थ्री-फेज लाइट कधी येते आणि मोटार कधी चालू होते हे ठाऊक नसेल, तर ध्वनिमुद्रणाची सकाळ वाया जाते.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात चित्रण करायचे असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि २०२२ च्या दुरुस्तीने तिथे अधिवासात कोणताही बदल न करता आणि प्राण्यांवर विपरीत परिणाम न होऊ देता चित्रण करावे, अशी स्पष्ट अट घातली आहे. पर्यटक म्हणून काढलेले सफारीचे तिकीट म्हणजे ही परवानगी नव्हे. शेतातल्या विहिरीवर हे कलम लागू होत नसले, तरी त्याच कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही मोडते, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी.

ड्रोनसाठी ड्रोन नियम २०२१ पाळावे लागतात. पण सुगरणींच्या वसाहतीजवळ तो मुळीच उडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याला वरून घोंघावत येणारी वस्तू म्हणजे शिकारीच वाटते. शेत, विहीर आणि गाव यांचे दूरदृश्य जवळच्या टेकडीवरूनही घेता येते.

साधने

नवोदितांचा सर्वाधिक वेळ या प्रश्नात जातो आणि तो तितका खर्च करण्याची गरज नसते. वापरलेला, चांगल्या स्थितीतला मिररलेस कॅमेरा आणि १००–४०० मिमीची लेन्स, किंवा लांब झूम असलेला ब्रिज कॅमेरा (ज्याची लेन्स जोडलेलीच असते), एवढ्यावर पहिला माहितीपट होतो. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) ४०० मिमी लेन्स लावून २५ मीटरवरून पाहिले तर साधारण दीड मीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो, म्हणजे दोन-तीन खोपे एकत्र दिसतात. चित्रण ४-के मध्ये केले असेल तर संकलनाच्या वेळी निम्मी चौकट कापून पाऊण मीटरपर्यंत जवळ जाता येते. त्यामुळे २५ मीटरच्या आत जाण्याचे कारणच उरत नाही.

पैसा खर्च करायचा असेल तर तो ट्रायपॉडवर करावा. लांब लेन्सवर बोटाचा स्पर्शही पडद्यावर भूकंपासारखा दिसतो, म्हणून भक्कम पाय आणि फ्लुइड हेड, म्हणजे कॅमेरा झटका न देता संथपणे फिरवणारा वरचा भाग, असलेला ट्रायपॉड हवा. छायाचित्रणासाठीचे बॉल हेड इथे चालत नाही. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, तेव्हा रात्री कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि त्या पुड्या आठवड्यातून एकदा तापवून कोरड्या करून घ्याव्यात. वातानुकूलित गाडीतून उतरून लगेच बॅग उघडू नये. लेन्सवर बाष्प धरते आणि सकाळचा पहिला अर्धा तास ती पुसण्यात जातो.

आता एक इशारा. जुन्या विहिरींना कठडा नसतो आणि पावसाळ्यात काठावरच्या दगडांवर शेवाळ धरते. ट्रायपॉडचा कोणताही पाय काठापासून सहा फुटांच्या आत येता कामा नये, आणि कॅमेऱ्यात डोळा लावून मागे-पुढे सरकायचे नाही, हा नियम काटेकोरपणे पाळावा. जूनमधल्या वळिवात आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की झाडाखाली न थांबता सरळ घर गाठावे.

चित्रण

दररोज एकाच वेळी, एकाच वाटेने आणि शक्यतो त्याच रंगाचे कपडे घालून जावे. सुगरणींना शेतातल्या माणसांची सवय असते, पण ती ठरावीक माणसांची आणि ठरावीक हालचालींची. पहिले तीन-चार दिवस ट्रायपॉड नुसता उभा करून ठेवावा. उभ्या केलेल्या बाजेवर घोंगडी टाकून साधे लपण करता येते. ते उभारल्यावर नरांची ये-जा १५ मिनिटांत पूर्ववत झाली नाही, तर आपण फार जवळ आहोत असे समजून मागे सरकावे.

कॅमेऱ्याची गती सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे पुढे घरात दिव्याखाली मुलाखत घेताना पडदा लुकलुकत नाही. पातीची वीण दाखवायची असेल तेव्हा सेकंदाला १०० चौकटी आणि १/२०० शटर घ्यावे. चोचीची हालचाल इतकी झटपट असते की साध्या गतीत ‘काहीतरी विणतो आहे’ एवढेच कळते. गती मंद केली की पातीचे टोक आत खुपसणे, दुसऱ्या बाजूने ते पकडणे आणि ओढून आवळणे या तिन्ही कृती वेगळ्या दिसतात. वारा असेल तर खोपा सतत झुलतो. अशा वेळी झुलणाऱ्या खोप्याचा पाठलाग करू नये, चौकट थोडी मोठी ठेवावी आणि खोप्याला तिच्यात झुलू द्यावे.

पावसाळी आकाश पांढुरके असते आणि त्यासमोर लोंबणारा खोपा काळा ठिपका होऊन बसतो. नवोदितांच्या चित्रणातला हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि त्यावर उपाय कॅमेऱ्यात कमी आणि जागेच्या निवडीत जास्त आहे. मी ज्या विहिरीवर काम केले, तिच्या पूर्वेला विहीर खणताना निघालेल्या मुरुमाचा जुना ढीग होता. सपाटीवरून पाहिले की खोप्यांमागे आकाश यायचे. ढिगावर चढून बसले की नजर किंचित खाली उतरायची आणि खाली लोंबणाऱ्या खोप्यांमागे विहिरीची काळ्या दगडाची आतली बाजू यायची. त्या ओल्या काळ्या दगडासमोर हिरव्या पातींची ताजी वीण आणि नराचे पिवळे डोके असे उठून दिसले की रंग सुधारण्याची गरजच पडली नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी पार्श्वभूमी शोधावी, मग पक्षी.

ट्रायपॉड लावल्यावर कॅमेरा हलवण्याचा मोह आवरावा. प्रत्येक दृश्य किमान २० सेकंद स्थिर धरावे. मनातल्या मनात आकडे मोजावेत. पक्षी चौकटीतून उडून गेला तरी पुढचे पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवावा, कारण झुलत राहिलेला रिकामा खोपा संकलनात नेमका तिथेच लागतो. एका क्रियेची निदान पाच वेगवेगळी दृश्ये घ्यावीत : विहीर, झाड आणि मागची टेकडी दाखवणारे दूरदृश्य, वसाहतीचे मध्यम दृश्य, एका खोप्यावर काम करणारा नर, फक्त चोच आणि पात, आणि नर ज्या दिशेने उडून जातो तिथले दृश्य. शेवटचे दृश्य हमखास राहून जाते. पात येते कुठून, हे दाखवल्याखेरीज विणकामाची किंमत प्रेक्षकाला कळत नाही. त्यासाठी एक अख्खी सकाळ उसाच्या किंवा भाताच्या कडेला घालवावी. नर पातीच्या बुडाशी कडेला चोचीने खाच पाडतो, ती कड पकडतो आणि उडताना लांबच लांब चिंधी सोलून नेतो. हे तीन सेकंदांत घडते, आणि ते नीट मिळायला मला चार सकाळी लागल्या.

मादीच्या पाहणीचे दृश्य मिळवण्यासाठी वहीतले क्रमांक कामी येतात. जो खोपा कालपर्यंत टोपीसारखा झाला आहे, त्याच्यावर कॅमेरा लावून बसावे. मादी येण्याची सूचना आधी कानांना मिळते : वसाहतीचा संथ चिवचिवाट एकदम चढतो. तो चढताच बटण दाबावे. मादी दिसल्यावर दाबले तर उशीर झालेला असतो. ती आत शिरते, वीण ओढून पाहते आणि बहुतेक वेळा निघून जाते. नकाराची अशी तीन-चार दृश्ये जमवून ठेवावीत, म्हणजे पुढे एक मादी परतत नाही, तिथेच थांबते, तेव्हा प्रेक्षकाला त्या थांबण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पक्ष्याखेरीजचे चित्रणही याच दिवसांत करावे. विहिरीत पडणारे पावसाचे थेंब, बांधावरून जाणारी गुरे, खांद्यावर पंप घेऊन फवारणीला निघालेले मालक, बाभळीच्या फांदीवरून सरकणारा सरडा, खोप्यांकडे टक लावून बसलेला कावळा. खोपे पाण्यावर आणि काटेरी फांदीच्या टोकालाच का असतात याचे उत्तर त्या कावळ्यात आणि सरड्यात आहे.

आवाज

लांब लेन्स दूरचे चित्र जवळ आणते. आवाज मात्र जिथे आहे तिथेच राहतो. कॅमेऱ्याच्या माइकवर २५ मीटरवरच्या सुगरणीऐवजी आपलाच श्वास आणि पावसाळी कोटाची सळसळ ऐकू येते. म्हणून छोटा स्वतंत्र ध्वनिमुद्रक घ्यावा, त्यावर वाऱ्यासाठीचे केसाळ आवरण चढवावे आणि पक्ष्यांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, पहाटेच, तो झाडाजवळच्या काठीला बांधून ठेवून दूर जावे. तासाभराने, वसाहतीला त्रास होणार नाही अशा वेळी, तो परत आणावा. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे नुसत्या परिसराचा आवाज टिपावा : चिवचिवाट, दूरचा ट्रॅक्टर, पाण्यावरचा वारा. संकलनात दोन दृश्ये जोडताना होणारी खाच याच आवाजाने बुजते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. प्रजननाच्या दिवसांत नर त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजतो आणि त्याचा वेळ व शक्ती फुकट जाते.

जिथे थांबायचे

घरट्यावर चित्रण करणे ही नाजूक बाब आहे, आणि जमिनीवर किंवा झुडपात घरटे करणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत नवोदिताने ते करूच नये. सुगरणीचे खोपे उंच, उघडे आणि माणसांच्या वावराजवळ असतात, एवढ्यामुळेच मी हे उदाहरण घेतले आहे. तरीही चूक होते. दुसऱ्या वर्षी एक पानांनी भरलेली फांदी माझ्या दृश्याच्या आड येत होती. ‘तासाभरासाठी’ म्हणून मी ती दोरीने बाजूला बांधली आणि सोडायला विसरलो. संध्याकाळी परतलो तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेवरून कावळ्याने खोपा ५ फाडला होता आणि अंडी विहिरीत गेली होती. मी त्या खोप्याचे पुढचे काहीही चित्रित केले नाही. तेव्हापासून झाडाच्या एकाही पानाला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे. दृश्य अडत असेल तर आपण हलावे.

दुसरी मर्यादा खरेपणाची. १९५८ सालच्या एका गाजलेल्या अमेरिकी निसर्गपटात लेमिंग नावाचे छोटे उंदरासारखे प्राणी कड्यावरून झुंडीने समुद्रात उड्या टाकून जीव देताना दाखवले होते. प्रत्यक्षात कॅनडातील ज्या अल्बर्टा प्रांतात ते प्राणी मूळचे नाहीत, तिथे ते बाहेरून आणून, उंचावरून पाण्यात ढकलून ते दृश्य घडवले होते, हे पुढे १९८० च्या दशकात उघड झाले. तोवर ‘लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात’ हा समज जगभर रुजला होता आणि आजही तो पुरता गेलेला नाही. आपल्या छोट्या माहितीपटातही हा प्रश्न येतोच. तीन वेगवेगळ्या नरांची दृश्ये जोडून ‘हा नर’ अशी एकाच पक्ष्याची गोष्ट सांगावी काय? माझे उत्तर असे की, खोप्याच्या क्रमांकावरून ओळख पक्की असेल तरच ‘हा’ म्हणावे, एरवी ‘नर’ म्हणावे. निवेदनातला एक शब्द बदलल्याने गोष्ट कमकुवत होत नाही.

तिसरी बाब गावाच्या नावाची. सुगरणीचे खोपे शोभेसाठी तोडून नेले जातात, अंडी-पिले आत असतानाही. माहितीपटात, समाजमाध्यमांवर किंवा छायाचित्राच्या नोंदीत विहिरीचे नेमके ठिकाण देऊ नये. तालुका सांगितला तरी पुरे.

घरी आल्यावर

सेकंदाला १०० मेगाबिट या दराने ४-के चित्रण केले तर एका तासाचे सुमारे ४५ जीबी होतात. ४० दिवस रोज अर्धा तास चित्रण केले तर ९०० जीबी, म्हणजे दोन टीबीची एक डिस्क पुरते. पण डिस्क दोन घ्याव्यात. त्याच संध्याकाळी दोन्हींवर प्रत करावी, दोन-चार दृश्ये उघडून पाहावीत आणि मगच कार्ड रिकामे करावे. एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी. फाइलच्या नावात तारीख आणि खोप्याचा क्रमांक घालावा, म्हणजे ऑक्टोबरात ‘खोपा ७, मादी आत’ असे शोधता येते.

संकलन आणि निवेदन

सप्टेंबरअखेर हाती २० तासांचे चित्रण असते आणि त्यातून १० ते १२ मिनिटे निवडायची असतात. संगणक उघडण्याआधी सर्व दृश्ये एकदा सलग पाहावीत आणि प्रत्येक चांगले दृश्य एका चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठ्या भिंतीवर लावून त्यांचा क्रम ठरवावा. पहिले संकलन निवेदनाशिवाय आणि संगीताशिवाय करावे, आणि पक्ष्यांविषयी काहीही ठाऊक नसलेल्या घरातल्या माणसाला ते दाखवून ‘काय घडले ते सांगा’ असे विचारावे. त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत जिथे खंड पडतो, तिथेच निवेदनाची गरज आहे. पडद्यावर नर पात आणताना दिसत असेल तर ‘नर पात घेऊन येत आहे’ हे वाक्य वाया गेले. त्याऐवजी एका खोप्यासाठी अशा ५०० पर्यंत खेपा होतात, हे सांगावे, कारण ते चित्रात दिसत नाही. निवेदन लिहून झाल्यावर मोठ्याने वाचावे, आणि वाचताना जीभ अडखळेल तो शब्द बदलावा. मराठी निवेदनात ‘सदर पक्षी’, ‘वास्तव्य करतो’ अशी कार्यालयीन भाषा नकळत येते; शेतातल्या माणसांच्या तोंडी खोपा, कडी, पात, बांध हे शब्द आहेत, तेच ठेवावेत.

संवर्धनाचा मुद्दा शेवटी भाषणासारखा जोडण्याऐवजी तो कोणाला उद्देशून आहे, हे संकलनाच्या सुरुवातीलाच ठरवावे. या बाबतीत माईक पांडे यांचा व्हेल शार्कवरचा माहितीपट मला आदर्श वाटतो. गुजरातच्या किनाऱ्यावर या प्रचंड, निरुपद्रवी माशाची कत्तल कशी होते ते त्यांनी दाखवले, आणि २००१ साली व्हेल शार्कचा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. त्या माहितीपटासमोर एक नेमकी उणीव होती आणि ती भरून काढू शकणारे नेमके लोक होते. आपल्या माहितीपटाची मागणी छोटी असेल, पण ती इतकीच नेमकी असावी. माझ्या बाबतीत ती होती : विहिरीचे काम काढताना काठावरची बाभूळ ठेवावी, आणि ठेवणे शक्यच नसेल तर तोड पावसाळ्यानंतर करावी.

पहिली प्रत कोणाला

महोत्सवांना चित्रपट पाठवण्याची घाई सगळ्यांनाच असते. मुंबईत १९९० पासून माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, पुण्यात पर्यावरणाला वाहिलेला किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव आहे, आणि तिथे अवश्य पाठवावे. मात्र प्रवेशिकेचे नियम आधी वाचावेत, विशेषतः चित्रपट आधीच इंटरनेटवर टाकलेला चालतो की नाही ते. त्याआधी एक प्रदर्शन करावे. विहिरीच्या मालकांच्या पडवीत पांढरी चादर बांधून, शेजारपाजारच्यांना बोलावून, कच्चे संकलन दाखवावे. तज्ज्ञाला पक्ष्याची चूक कळते; ऋतूची चूक शेतकऱ्यालाच कळते.

माझ्या त्या प्रदर्शनात मालक सुरुवातीची सहा मिनिटे काही बोलले नाहीत. सातव्या मिनिटाला पहिली मादी अर्ध्या खोप्यात शिरते, आणि मागे बाजरीच्या शेताचे एक सुंदर दृश्य मी जोडले होते. ते म्हणाले, ‘थांबवा जरा. तुमची बाजरी कणसात आलीये. ह्या पाखरांनी खोपं घातली तवा आमची बाजरी गुडघ्याएवढी बी नव्हती.’ मी वही काढून पाहिली. ते दृश्य २८ ऑगस्टचे होते आणि मादी १० जुलैला आली होती. त्या रात्री मी जुलैच्या चिठ्ठ्या पुन्हा भिंतीवर लावल्या आणि कोवळ्या बाजरीचे, पहिल्या कोळपणीच्या दिवशी घेतलेले १२ सेकंदांचे दृश्य शोधून तिथे घातले.